दोन हिसक्यांचा खण

मित्रांनो, तुमच्या घरात एखादं असं कपाट असेल, ज्याचा एक खण कधीच धड उघडत नाही. तुम्ही त्याच्यावर चिडत असाल. मी तसलंच एक म्हातारं कपाट आहे. उंचीने माणसाच्या खांद्याएवढं, बारा खणांचं, रंग उडालेलं. त्या अडणाऱ्या खणापायी एका सकाळी माझ्या फळ्याफळ्यांत कशी धडकी भरली होती, ते आज तुम्हाला सांगतं.

मी जिथे उभं आहे ते चर्चचं सेवा केंद्र आहे. ज्यांना घर नाही, ज्यांना घर असूनही तिथे जाता येत नाही, दारू सोडू पाहणारे, आजारी, एकटे, असे सगळे इथे येतात. त्यांना इथे जेवण मिळतं, झोपायला खाट मिळते आणि औषध मिळतं. हे केंद्र सुरू करणारे म्हातारे पाळक आता देवाघरी गेले, पण त्यांचा एक नियम अजून पाळला जातो. आलेल्या माणसाला त्याचं नाव विचारायचं नाही. त्याने आपणहून सांगितलं तर ऐकायचं. ते म्हणत, "दार ठोठावणाऱ्याला प्रभूने कधी नाव विचारलं का?"

आता नाव नाही तर कुणाचं औषध कुठलं, हे कसं ओळखायचं? त्यासाठीच माझा जन्म झाला.

मला एका सुताराने बनवलं. सगळे त्याला मिस्त्री म्हणतात. तोही इथलाच, दारूने सगळं घालवून आलेला. चर्चची मोडकी बाकं त्याला दिली गेली. त्याने ती रंध्याने तासली, करवतीने कापली आणि महिनाभर खपून मला उभं केलं. प्रत्येक खणाच्या वर, माझ्या चौकटीवर, एक चित्र रंगवलं. कंदील, मासा, घंटा, मेंढरू, किल्ली, अशी अकरा झाली आणि बारावी छत्री. खणाच्या तोंडावर चित्र काढलं तर रोजच्या हातांनी पुसून जाईल, म्हणून ती चौकटीवर काढली. दिसायला सगळे खण सारखे, तरी हाताचं काम ते, प्रत्येकात केसाएवढा फरक. म्हणून कुठला खण कुठे बसतो ते कळावं यासाठी त्याने प्रत्येकाच्या तळाला पटाशीने खाचा पाडल्या. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, अशा बाराव्याला बारा.

बाराव्या खणाच्या वेळी बाकांचं लाकूड संपलं. मिस्त्रीने मालाच्या खोक्याची फळी वापरली. ती पहिल्याच वर्षी फुगली आणि तो खण अडायला लागला. एक हिसका दिला की अर्धा यायचा, दुसरा दिला की पुरा. मिस्त्री हसायचा. "बारा शिष्य म्हटले की एक दगा देणारा यहूदा निघायचाच," असं म्हणायचा, आणि त्या बिचाऱ्या खणाला तेच नाव पडलं.

सिस्टर म्हणजे आमच्या परिचारिका. दर शनिवारी त्या माझ्यासमोर स्टूल घेऊन बसत, आठवड्याच्या गोळ्या कागदाच्या पुड्यांत बांधत आणि ज्याच्या त्याच्या चित्राखाली ठेवत. त्या नसल्या तर स्वयंपाकघरातली मावशी पुड्या वाटायची. मावशीला अक्षर येत नव्हतं, पण चित्र आणि माणूस यांची जोडी तिच्या तोंडपाठ होती. इतकी वर्षं तिच्या हातून एक चूक झाली नव्हती. लोक माझं कौतुक करायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

छत्रीचं चित्र जिच्या वाट्याला आलं, ती बाई सगळ्यांत शेवटी आली. तेव्हा तोच खण रिकामा होता. तिच्या कपाळावर जुनी खूण होती, आणि कुणी जवळून हात उचलला की ती खाली वाकायची. तिला फिट्स येत. त्यासाठीच्या दोन पांढऱ्या गोळ्या ती रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची आणि कपडे इस्त्री करायच्या दुकानात कामाला जायची. न्याहारी ती तिथेच करी. इथे तिचं नाव छत्रीच पडलं. मावशी दोन हिसके देई तोवर ती शेजारी उभी राहून वाट बघायची. कधी कधी तिला थोडं हसूही यायचं. इतर वेळी मी तिला हसताना पाहिलं नाही.

आता त्या दिवसाकडे येतं.

केंद्राला पंचवीस वर्षं व्हायची होती. चर्चच्या महिला मंडळातल्या बायका साफसफाईला आल्या. माया करणाऱ्या, हाताला कामसू बायका त्या. सिस्टर एका आजाऱ्याला घेऊन दुसऱ्या गावच्या इस्पितळात गेल्या होत्या. मिस्त्री कुठेतरी दरवाजे बसवायला गेला होता. मावशी चुलीपाशी. बायकांनी माझे बाराही खण पुड्यांसकट बाहेर काढले आणि व्हरांड्यातल्या लांब टेबलावर ओळीने मांडले. डावीकडून पहिला, उजवीकडे बारावा. अगदी नीट. मला घासून पुसून लख्ख केलं. त्यांची काळजी बघून मी सुखावलं होतं.

मग दुसऱ्या बाजूने आलेल्या एका काकूंनी खण उचलायला सुरुवात केली. त्यांचा डावा हात म्हणजे मांडणाऱ्या बाईचा उजवा हात, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. बाराव्याच्या जागी पहिला गेला, पहिल्याच्या जागी बारावा, अकराव्याच्या जागी दुसरा. सगळं उलटं.

मित्रांनो, मला ओरडता येत नाही. माझ्याजवळ एकच भाषा आहे, अडून बसायची. मी अडलं. मी म्हणजे माझे बाराही खण. एकही आत जाईना.

"पाण्याने लाकूड फुगलं वाटतं," काकू म्हणाल्या.

"मेणबत्तीचा तुकडा घासा कडांना," दुसरी म्हणाली. "आमच्याकडे मी तेच करते."

प्रार्थनेच्या खोलीतून उरलेल्या मेणबत्त्या आल्या. सगळ्या कडांना मेण फिरलं. आणि मी मुकं झालं. खण लोण्यासारखे सरकायला लागले. बायका खूश झाल्या आणि निघून गेल्या. करायला गेल्या एक आणि झालं भलतंच, पण ते फक्त मला ठाऊक होतं. ती अख्खी संध्याकाळ मी ते ओझं पोटात घेऊन उभं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे जेवणघरात जमले. माझी जागा तिथल्याच दाराशी आहे, शेजारी खिडकी, आणि खिडकीतून अंगणातला नळ दिसतो. इथली रीत अशी, की पुडी हातात घ्यायची, बाकावर बसायचं, प्रार्थना व्हायची, आणि 'आमेन' झाल्यावर सगळ्यांनी एकदम गोळी गिळायची. पूर्वी काही जण गोळ्या लपवत, म्हणून ही रीत पडली. फक्त छत्रीला सूट होती. तिला कामावर वेळेत पोचायचं असे, म्हणून ती पुडी घेऊन नळावर जाई आणि तिथूनच निघे.

मावशी वाटत गेली. "कंदील, या दादा." कंदील म्हणजे साखरेचा आजार असलेले निवृत्त ड्रायव्हर. त्यांच्या हातात छत्रीची गोळी गेली. मासा, घंटा, मेंढरू... एकेक चुकीची पुडी एकेका विश्वासाच्या तळहातावर पडत होती, आणि मला काही म्हणजे काही करता येत नव्हतं.

शेवटी छत्री आली. मावशीने नेहमीसारखा माझ्या पायाशी पाय रोवला आणि जोरात हिसका दिला. खण एकदम बाहेर आला. मावशी पडता पडता वाचली.

"अगं बाई," ती म्हणाली, "यहूदा शहाणा झाला की."

छत्रीने पुडी घेतली आणि ती बाहेर गेली. त्या पुडीत तशाच पांढऱ्या, पण रक्तातली साखर उतरवणाऱ्या दोन गोळ्या होत्या, आणि तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता.

प्रार्थना सुरू झाली. सगळ्यांनी डोळे मिटले. एकानेच मिटले नाहीत. माझ्याजवळच्या बाकावर मिस्त्री बसला होता, आणि तो माझ्याकडे बघत होता.

तो उठला. पाय न वाजवता माझ्यापाशी आला. छत्रीखालचा खण ओढला, तळाला हात घातला आणि बोट फिरवलं. बारा खाचा हव्या होत्या. बोटाला एकच लागली. त्याने पहिला खण ओढला आणि मोजायला लागला. बाहेर नळ सुरू झाला. मिस्त्रीचे ओठ हलत होते. सात, आठ, नऊ. नळाखाली पेला भरत होता. दहा, अकरा, बारा.

नळ बंद झाला.

आता तुम्ही म्हणाल, तो लगेच ओरडला का नाही? तीन वर्षांपूर्वी याच खोलीत तो पिऊन आला होता आणि भर प्रार्थनेत आरडाओरडा केला होता. केंद्राचे व्यवस्थापक सर तेव्हा म्हणाले होते, की पुन्हा असं झालं तर हे दार तुला कायमचं बंद. त्यानंतर त्याने थेंबाला शिवलं नव्हतं. या दाराबाहेर त्याचं जगात काही नव्हतं. तो एक श्वासभर थांबला. मी तो श्वास मोजला आहे.

मग तो ओरडला. "थांबा! कुणी गोळी तोंडात घालू नका."

प्रार्थना तुटली. सर उठून आले आणि त्यांनी त्याचा दंड धरला.

"मिस्त्री. पुन्हा?"

"वास घ्या," मिस्त्री म्हणाला. त्याने आपलं तोंड सरांच्या तोंडापाशी नेलं. "घ्या वास, आणि सोडा मला. खण उलटे लागलेत. छत्री नळावर आहे."

सरांनी वास घेतला. चहाचा आणि लाकडाच्या भुश्याचा. त्यांनी हात सोडला. मिस्त्री अधू गुडघ्याने जमेल तसा धावला.

पुढचं मी खिडकीतून पाहिलं. छत्रीने पुडी उघडून गोळ्या जिभेवर ठेवल्या होत्या आणि पेला ओठांपाशी नेला होता.

"थुंक," मिस्त्री ओरडला. "थुंक ते."

आणि तिथेच त्याचं चुकलं. अंगावर ओरडत येणारा पुरुष तिने आयुष्यभर पाहिला होता. तिच्या हातातला पेला पडला. ती भिंतीला चिकटली, दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि तोंड घट्ट मिटलं. गोळ्या आतच. भीतीने माणूस आवंढा गिळतो, हे मला माहीत होतं. मिस्त्रीलाही ते कळलं असावं.

तो जागच्या जागी थांबला. मग हळूहळू, गुडघा धरत, त्या ओल्या जमिनीवर खाली बसला. तिच्यापेक्षा खाली. मागून धावत आलेल्या सरांना त्याने हातानेच थोपवलं.

"छत्री," तो हळू आवाजात म्हणाला, "मी तुझ्या जवळ येत नाही. फक्त एक सांग. आज मावशीने तुझ्या खणाला किती हिसके दिले?"

तिचे हात डोक्यावरून थोडे खाली आले. मग तिने एक बोट वर केलं.

"आणि रोज किती देते?"

दोन बोटं.

"मग तो खण तुझा नाही ना बाई. त्यातली गोळीपण तुझी नाही."

ती माझ्याकडे बघायला लागली. मिस्त्रीकडे नाही, सरांकडे नाही. खिडकीतून, माझ्याकडे. तेवढा काळ मला माझ्या साऱ्या आयुष्यापेक्षा लांब वाटला. मग ती वाकली आणि तिने दोन्ही गोळ्या तळहातावर थुंकल्या. कडा विरघळू लागल्या होत्या, पण गोळ्या गेल्या नव्हत्या.

दुपारी डॉक्टर आले. त्यांनी तिला तपासलं. उपाशीपोटी त्या गोळ्या पोटात गेल्या असत्या, तर ती तापल्या इस्त्रीपाशीच कोसळली असती, असं ते मावशीला म्हणाले. मावशी पदर तोंडाला लावून माझ्यासमोर बसून राहिली. "माझ्या हातानं दिली रे," एवढंच म्हणत होती. काकू आल्या, त्याही रडल्या. त्यांना कुणी बोल लावला नाही. सर मिस्त्रीला म्हणाले, "मी आधी तुझा हात धरला, याची मला लाज वाटते." मिस्त्री म्हणाला, "मी असतो तर मीपण धरला असता."

सिस्टर परतल्या तेव्हा सगळं मेण खरवडून काढलं गेलं. खणांच्या आतल्या बाजूलाही चित्रं काढली गेली. सिस्टरनी प्रत्येकाला विचारलं, नाव लिहायचं का? विचारलं म्हणजे, लिहायलाच हवं असं नाही, हेही सांगितलं. बहुतेकांनी मान हलवली, नको म्हणाले. छत्री जाता जाता दारातून परत आली आणि मिस्त्रीच्या कानात काहीतरी बोलली. मिस्त्रीने पटाशी घेतली आणि बाराव्या खणाच्या तळाला, बारा खाचांच्या शेजारी, तिचं खरं नाव कोरलं. तिथे ते कुणाला दिसत नाही, हात घातला तरच लागतं. ते मी तुम्हाला सांगणार नाही. तिने ते मला दिलं आहे.

मित्रांनो, जुनी वस्तू अडली की तुम्हीही मेण घासता, तेल घालता, नाहीतर ती फेकून देता. घाला, माझं काही म्हणणं नाही. पण आधी एकदा वाकून बघा, ती का अडते आहे. अडणाऱ्या माणसाचंही तेवढंच करा.

खण परत जागेवर बसवताना मिस्त्रीने रंधा हातात घेतला होता. "काढलाच आहे तर याची कड तासून टाकतो," तो म्हणाला. "रोजची कटकट जाईल."

छत्रीने त्याच्या हातावर हात ठेवला. आपणहून.

"नको," ती म्हणाली. "अडू दे."