कळपाचा आकडा

इंदापूरच्या एसटी स्टँडासमोर संभाजीभाऊंचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. दुकान कसलं, टपरीला काच लावलेली! पण साल अठ्ठ्याण्णव, तालुक्यात कॉम्प्युटर बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळं तेवढ्यावरच भाऊंची ऐट. काचेच्या कपाटात वर परदेशी खेळांची चकचकीत खोकी, आणि सगळ्यात खालच्या फळीवर प्रतिक्षाच्या खेळाची दहा. तीन आठवडे ती तिथं पडून होती आणि एकाही माणसानं त्यांना हात लावला नव्हता.

प्रतिक्षा कन्हेरीची, धनगराची पोर. बारामतीच्या कॉम्प्युटर क्लासात शिकली आणि आता तिथंच शिकवत होती. क्लास सुटला की रिकाम्या मशीनवर बसून, वर्षभर खपून तिनं हा खेळ एकटीनं रचला होता. दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणात उतरायचं, रोज दिवस मावळायच्या आत सगळी मेंढरं गोळा करायची, उन्हाळा सरताना घरी परत यायचं. साधाच खेळ. पण तो कळप तिच्या बापाचा होता.

बापानं, तात्याबानं, पाच वर्षांपूर्वी कळप विकला. पोरीनं मेंढरांमागं रानोमाळ हिंडण्यापेक्षा एका जागी राहून शिकावं म्हणून. व्यापाऱ्याच्या ट्रकात मेंढरं चढत होती तेव्हा तो पाठ फिरवून उभा राहिला, आणि त्यानंतर घरात त्यानं मेंढरांचं नाव काढलं नाही. मग प्रतिक्षानं तरी कुठल्या तोंडानं खेळाचं नाव काढावं? तिला एवढंच हवं होतं, की आपल्यापायी गेलेला हा कळप कुणीतरी हौसेनं घरी न्यावा. एका का होईना, घरी.

"बाजाराच्या दिवसापर्यंत ठेवतो," संभाजीभाऊ म्हणाले. "मग घेऊन जा बाई. जागा अडती."

आता खोकं कसलं होतं ते ऐका. चित्र काढलं होतं मानसिंग पेंटरनं. हा हायवेवर ट्रक रंगवायचा. त्यानं काय केलं, तर मधोमध एक मिशाळ गडी, हातात तलवार, मागं आगीचे लोळ. "आग बघून गिऱ्हाईक थांबतं," हे त्याचं शास्त्र. मेंढ्या बिचाऱ्या कोपऱ्यात. आणि पाठीमागचा मजकूर आपल्या प्रतिक्षाबाईंचा: 'साठ मेंढ्या! सोळा रंग! पाच लेव्हल! सगळं एकाच फ्लॉपीत!' जणू भांड्यांचा सेलच लागलाय.

तिनं एक खोकं पिशवीत घालून घरी आणलं. मजकूर बदलून बघावा म्हणून ओट्यावर घेऊन बसली आणि पाणी प्यायला आत गेली. बाहेर आली तर खोकं आबांच्या, म्हणजे बापाच्या, हातात.

"ह्या शेळ्या कुणाच्या?" तात्याबानं विचारलं.

"मेंढ्या हायेत त्या, आबा."

"शेपटी वर करून मेंढरू कवा चालतं का? आन् ह्यो गडी तलवार घिऊन कुणाला कापाय निघालाय?"

शेंगा फोडत बसलेली आई, आक्काबाई, खुदकन हसली. तात्याबानं खोकं उलटं केलं, अक्षर जुळवत वाचलं आणि त्याचा चेहराच उतरला.

"आकडा कुणी लिवला?"

"मी."

"कळपाचा आकडा सांगत्यात व्हय? वाटंत कुणी 'किती हायेत' इचारलं तर आमी काय सांगायचो?"

"'हायेत देवाची चार'," आक्काबाई म्हणाली. "नजर लागती गं."

आता लपवून काय उपयोग? "आबा," प्रतिक्षा म्हणाली, "ही आपलीच मेंढरं हायेत. मी त्येंचा खेळ केलाय. तुमाला वाईट वाटंल म्हणून बोलले न्हाय."

तात्याबानं खोकं परत सुलटं केलं आणि कोपऱ्यातल्या मेंढ्यांवर बोट ठेवलं.

"आपली हायेत," तो म्हणाला, "तर मग त्येंची तोंडं कुठंयत?"

"तोंडं?"

"तुला काय वाटलं, सांजच्याला मी आकडं मोजायचो? तोंडं बघायचो. काळतोंडी पैली यायची, लई आगाव. भिंगरी आली की तिच्यामागं लंगडी. आन् कानतुटी..." त्यानं खोकं मांडीवर ठेवलं. "तिची आय गेली तवा तिला घोंगड्यात घिऊन मी अख्खा घाट उतरलोय. लाजरी. एकदा हाक मारून यायची न्हाय, दोनदा मारावी लागायची. ती दिसली न्हाय की मला घास गिळायचा न्हाय."

पाच वर्षांनी माणूस मेंढरांबद्दल बोलत होता. प्रतिक्षाला रडू आवरेना, आणि तशातच तिनं पेन्सिल शोधली.

दुसऱ्या दिवशी बापलेक इंदापूरला मानसिंगच्या पुढ्यात. बाजाराला दोनच दिवस, नवं छापून आणायला सवड नाही. प्रतिक्षा म्हणाली, खोक्यांवर कोरा कागद चिकटवा आणि हातानंच रंगवा. प्रत्येक खोक्यावर एकच मेंढी, नुसतं तोंड, बघणाऱ्याच्या डोळ्याला डोळा देणारं. दहा खोकी, दहा तोंडं.

"आग काढली तर लांबनं काय दिसंल, कप्पाळ?" मानसिंग फुरंगटला. पण तात्याबा शेजारी उकिडवा बसला आणि सांगत गेला. कपाळावर पांढरा टिळा इथं, कान असा खाली, ही जरा रागीट बघायची. तिसऱ्या तोंडापाशी मानसिंगचा हात नीट वळला. पाचव्याला त्यानं स्वतःहून विचारलं, "हिचं नाव काय हो, तात्या?"

पाठीमागं प्रतिक्षानं लिहिलं: 'दिवस मावळतोय. काळतोंडी आली. भिंगरी आली, तिच्यामागं लंगडीही आली. कानतुटी कुठंय? तिला घेतल्याशिवाय कुणी जेवायचं नाही. चला, हाक मारा.' खेळ कुठल्या कॉम्प्युटरवर चालतो ते खाली बारीक अक्षरांत. आकडा एकही नाही.

संभाजीभाऊंनी खोकी बघितली आणि मधल्या फळीवर लावली.

बाजाराच्या दिवशी तात्याबा धुतलेला फेटा बांधून हजर. कपाटाशेजारी असा उभा राहिला की राखणच करतोय. कॉलेजची दोन पोरं आली, "ए, मेंढी बघ!" म्हणून हसली आणि गेली. दुपार टळली. संभाजीभाऊ घड्याळाकडं बघायला लागले. प्रतिक्षाला वाटलं, कशाला आणलं आबांना? एकदा कळप गेला, आता तो कुणाला नकोय हेही बघायला?

तेवढ्यात लासुर्ण्याच्या शाळेतल्या द्वारकाबाई प्रिंटरची रिबन घ्यायला आल्या. शाळेला कुणीतरी कॉम्प्युटर भेट दिला होता. रिबन घेऊन वळल्या आणि थबकल्या. एका खोक्यावरून अर्धा कान तुटलेली एक मेंढी त्यांच्याकडं टक लावून बघत होती. बाईंनी खोकं उचललं. पाठीमागचं वाचलं. परत पुढचं तोंड बघितलं.

"हीच का ती, हरवलेली?"

"व्हय," तात्याबा म्हणाला.

"पोरं वेडी होतील शोधायला. द्या हे. किती मेंढ्या आहेत यात?"

प्रतिक्षानं तोंड उघडलं आणि पटकन मिटलं.

"हायेत देवाची चार," तात्याबा म्हणाला.

बाई हसल्या. संभाजीभाऊंनी पुडकं बांधायला खोकं मागितलं, तर ते तात्याबाच्या हातात. त्यानं बाईंकडून कधी घेतलं तेही कळलं नाही. कानतुटीच्या कपाळावरून त्यानं अंगठा फिरवला आणि खोकं दोन्ही हातांनी बाईंना दिलं. "लाजरी हाय जरा," तो म्हणाला. "एकदा हाक मारून न्हाय आली तर रागवू नका. दोनदा मारा."

"मुलांना सांगते," बाई म्हणाल्या, अगदी गंभीरपणानं.

त्या एसटीत बसल्या. गाडी हलली, वळली, धुरळ्यात दिसेनाशी झाली. तात्याबा गाडीकडं तोंड करून उभा होता. या खेपेला त्यानं पाठ फिरवली नाही.

"दोनदा हाक मारल्यावर येती न्हवं गं ती," त्यानं विचारलं, "तुझ्या खेळात?"

खेळात असलं काही नव्हतंच. तिथं कानतुटी पहिल्याच हाकेला, चारचौघींसारखी यायची.

"येती की, आबा," प्रतिक्षा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी क्लास उघडल्या उघडल्या ती मशीनवर बसली, आणि दुपारी नवी फ्लॉपी घेऊन लासुर्ण्याच्या गाडीत चढली.