दोघींत एक विंडचीटर

मी विंडचीटर बोलतोय. जरा सावकाश बोलेन, सांभाळून घ्या. आत्ताच जाग आलीय, आणि मला नीट जागं व्हायला वेळ लागतो. निम्म्याहून जास्त आयुष्य मी माझ्याच खिशात झोपून काढलंय. हो, माझ्याच! मला उलटं करून छातीवरच्या खिशात कोंबायचं, चेन ओढायची, की मुठीत मावेल एवढा गोळा तयार. मग कोण कुठे नेतंय, मला पत्ता नसतो.

जन्म आठवतो तो पांढऱ्या उजेडाच्या एका लांब खोलीतला. शिलाई मशिनींची घरघर चालू होती. माझं कापड कांद्याच्या सालीइतकं पातळ. मला शिवणारी बाई वैतागून ओरडायची, "अगं, तो पंखा बंद करा कुणीतरी! हे बाही लावू देईना, उडून चाललंय!" पंखा बंद व्हायचा, सगळ्या बायका उकडतंय म्हणून कुरकुरायच्या आणि ती मला गुडघ्यांत दाबून शिवायची. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की वारा आणि मी यांचं काहीतरी नातं असणार.

दुकानात मला दोघींनी मिळून घेतलं, नणंद आणि भावजय. नणंद औषधांच्या दुकानात कामाला. तिला वजनाचं भारी वेड. डोंगरावर न्यायची प्रत्येक वस्तू ती आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायची. सॅकचे लोंबणारे पट्टे तिने कापले होते, बसायला फोमचा वहीएवढाच तुकडा ठेवला होता. घरी आल्या आल्या तिने माझ्या मानेमागची पट्टी कात्रीने उडवली. त्यामुळे मला कसं धुवायचं ते आजतागायत कुणाला माहीत नाही.

वहिनी बेकरीत भट्टीवर. तिच्या अंगाला कायम भाजलेल्या पावाचा वास. काटाबिटा तिला मान्य नव्हता. ती गुपचूप सॅकच्या तळाशी स्टीलचा डबा सरकवायची. नणंद सॅक उचलायची आणि थांबायची.

"वहिनी, डबा आहे ना आत?"

"छे गं! तुला आपलं काहीतरीच."

"वाजतोय."

"मग वाजू दे. वर गेल्यावर तूच सगळ्यात आधी हात घालशील, वन्सं."

'वन्सं' ही तिची थट्टा. असं जुन्या वळणाचं आता कोण कुणाला म्हणतं? पण ती म्हणायची, आणि नणंद लटकं रागवायची.

दोघींत विंडचीटर एकच, तोही वजन वाचवायला. त्यावरून त्यांनी एक नियम केला होता. जी आधी "थंडी वाजतेय" म्हणेल तिने मला घालायचं, आणि उतरताना सॅक तिने वाहायची. झालं! दोघी एकीपेक्षा एक हट्टी. मी खिशात पडून त्यांचे दात वाजताना ऐकायचो.

"छान हवा आहे नाही?"

"मस्तच. वन्सं, ओठ निळे पडलेत गं तुझे."

"जांभळं खाल्लीत मी."

शेवटी दर वेळी वहिनीच हरायची. "जाऊ दे बाई, वाजली मला थंडी," म्हणत माझी चेन उघडायची. नणंदेने मात्र ते शब्द कधी उच्चारले नाहीत.

आणि मग मी जागा व्हायचो! डोळे उघडावेत आणि समोर नुसतं आभाळ असावं, तसं. वारा बाह्यांत शिरायचा, मी फुगायचो. खाली ढग सावकाश सरकत असायचे. शिवणखोली आणि दुकान मागे पडल्यावर रस्ते, जिने मी कधी पाहिलेच नव्हते, त्यामुळे जग म्हणजे डोंगरांची टोकंच असंच मला बरीच वर्षं वाटायचं. माणसं तिथेच राहतात, गवतावर बसून डब्यातलं खातात आणि मग मला झोप लागते. गोड दिवस होते ते.

मी अंगालगत असतो, त्यामुळे मला काळीज ऐकू येतं. एकदा वर पोचल्यावर वहिनीने मला घातलं आणि तिचं काळीज मला वेगळंच ऐकू आलं.

"तुझा भाऊ घर सोडून गेला," ती म्हणाली. "सोमवारी. म्हणाला, आता परत यायचं नाही."

नणंदेने मान खाली घातली. तिला धक्का बसला नाही, हे वहिनीच्या लगेच लक्षात आलं.

"तुला माहीत होतं?"

"त्याने शपथ घातली होती, वहिनी. म्हणाला, मीच सांगेन तिला."

"म्हणजे मागच्या खेपेला आपण इथेच बसलो होतो, मी तुला हसून हसून भट्टीतल्या गमती सांगत होते, आणि तुला ठाऊक होतं."

वहिनीने भर वाऱ्यात मला अंगावरून काढलं, कोंबलं आणि चेन लावली. मग सॅक खांद्याला अडकवून ती एकटीच पुढे उतरू लागली. एवढ्या रागातही तिने नियम पाळला. मला घातलं होतं ना, म्हणून सॅक तिची.

त्यानंतरची झोप फार लांब होती. स्वप्नात ढग सरकत राहिले, पण वारा काही येईना.

जाग आली ती एका खोलीत. इतक्या वर्षांत खोली मी पहिल्यांदाच पाहिली. भिंती किती जवळ असतात हो! वहिनी खिडकीपाशी उभी होती. केसांत पीठ, डोळ्यांखाली काळं. तिने मला झटकलं, नाकाशी धरलं, पुन्हा खिशात भरलं आणि चेन अर्धवटच ओढली. मग थेट औषधांच्या दुकानात नेऊन काउंटरवर ठेवलं.

"तुमची वस्तू माझ्याकडे राहिली होती."

तुमची! या दोघी अगं-तुगं करणाऱ्या. माझ्या तर शिवणीच आवळल्या.

"वहिनी..."

"वहिनी कसली आता? नातं संपलं ते."

नणंदेने गोळ्यांची पट्टी खाली ठेवली. बाई हट्टी ती हट्टीच. "वस्तू दोघींची आहे. परत करायचीच असेल तर जिथून नेलीस तिथे येऊन कर. काउंटरवर मी नाही घेणार."

वहिनी फणकाऱ्याने मला उचलून निघून गेली. मला वाटलं, संपलं. आता कुठल्यातरी कपाटात एखाद्या जाडजूड रेनकोटाच्या बुडाखाली आयुष्य काढायचं.

पण तिने सॅक भरली. त्या दोघी पुन्हा चढल्या. वाटेत मला फक्त बुटांची करकर ऐकू येत होती. वर पोचल्यावर वहिनीने माझा गोळा तसाच फोमच्या तुकड्यावर, दोघींच्या मध्ये ठेवला.

"घे. केला परत."

नणंदेने हात लावला नाही. वारा असा सुटला होता, की गवत आडवं पडलं होतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "तो भाऊ आहे, त्याची शपथ मोडवेना. पण रोज दुकान बंद करताना वाटायचं, आज जाऊन सांगावं. नाही झाली हिंमत. वाटलं, सांगितलं की तू येणार नाहीस पुन्हा."

"नवरा गेला, त्याचं रडून झालं माझं," वहिनी म्हणाली. "तू गेलीस त्याचं अजून संपत नाही."

मी चेनीआडून कान देऊन होतो. आणि मग मी ते ऐकलं, जे इतक्या वर्षांत कधीच ऐकलं नव्हतं.

"मला थंडी वाजतेय," नणंद म्हणाली.

वहिनीने चमकून पाहिलं. मग तिने माझी चेन उघडली. समोर तेच आभाळ! तिने मला झटकून नणंदेच्या पाठीवर टाकलं, लहान मुलाला घालाव्यात तशा बाह्या घातल्या आणि चेन गळ्यापर्यंत ओढली. आतलं काळीज वेड्यासारखं उडत होतं.

"उतरताना सॅक तुझी," वहिनी म्हणाली.

नणंद डोळे पुसत उठली, सॅक उचलायला गेली आणि थांबली. तळाशी काहीतरी वाजलं.

"डबा आणलास तू?"

"मग! परत करायला आले म्हणून काय उपाशी बसवू तुला, वन्सं?"

आता मी म्हातारा झालोय. एका कोपराला चिकटपट्टी आहे, चेन अधूनमधून रुसते. एक महिना मी पावाच्या वासात झोपतो, एक महिना औषधांच्या. वहिनीच्या नवऱ्याचं नाव त्या घेत नाहीत. सॅक हल्ली कुणी काट्यावर ठेवत नाही.

तुमच्याकडे माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याला कडक घडी घालून कपाटात ठेवू नका. कोंबा खुशाल, आम्हाला चालतं. फक्त अधूनमधून वर न्या. आणि सोबत आपलं माणूस असेल, तर थंडी वाजतेय असं लवकर सांगून टाका हो. आम्हाला बाहेर काढायला तेवढंच लागतं.

बरं, डोळे मिटतायत माझे. चेन लावता का जरा?