दुखायचं थांबलं तेव्हा

ताई आणि मी एकाच खोलीत शिवतो. ती मशीनवर, मी काजं-बटणांवर. तिची कंबर धरली तेव्हा आम्ही मनावर घेतलं नाही. शिवणारीची कंबर नाही दुखणार तर कुणाची? मग कळ कुल्ल्यातून मांडीच्या मागून थेट पोटरीत उतरायला लागली. शिंक आली तरी डोळ्यांत पाणी.

डॉक्टर म्हणाले, "कमरेतून पायात जाणारी नस दबलीये. बहुतेकांचं काही आठवड्यांत कमी होतं. पण पायातला जोर गेला, बसायची जागा बधिर झाली किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी या. थांबू नका."

ताईचा स्वभाव असा, की जे बिघडेल ते शिवून निभावायचं. खुर्चीला उशी शिवली, कमरेला पट्टा शिवला. सोमवारी सकाळी हसत म्हणाली, "अगं, दुखायचं थांबलं! पाय आहे की नाही, तेच कळत नाही."

"मग नाच आता," मी म्हणाले. हो, मीच म्हणाले.

गुरुवारी धुण्यात मला अस्तराच्या कापडाच्या चौपदरी घड्या सापडल्या. कडा दुमडून, नेटक्या टीप मारलेल्या. ताईची पाळी जाऊन सहा वर्षं झालीत.

"हे काय गं?"

"लघवी कळत नाही. सुटते आपली."

"कधीपासून?"

"सोमवार." मग माझ्यावरच उखडली, "तो डॉक्टर माझ्या भाच्याच्या वयाचा. त्याला काय सांगू, कपडे भिजतात म्हणून?"

त्याच दुपारी ऑपरेशन झालं. डॉक्टर रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. "नस मोकळी केलीये," ते म्हणाले, "पण मधले दिवस फार गेले. किती परत येईल, सांगता येत नाही."

आज सातवा आठवडा. लघवीची नळी अजून आहे. पाऊल लोंबतं. व्यायाम म्हणून ती रोज अंगठा वर उचलायला बघते आणि मी पायाशी बसून नजर ठेवते.

"हलला का?" तिने विचारलं.

"हलला की. जरासा."



"वेडाबाई, मी अजून जोर लावलाच नव्हता."

मग तिने दात आवळून जोर लावला. मानेच्या शिरा फुगल्या, कपाळावर घाम आला. मी अंगठ्याकडे बघत बसले.