मधली बाग

त्या भागातले बागायतदार तिला माशीबाई म्हणत. तोंडावर ‘मॅडम’, पाठ फिरली की माशीबाई. तिला ते ठाऊक होतं आणि तिची काही हरकत नव्हती. नोकरीची बहुतेक वर्षं फळमाशीच्या मागे गेली होती, त्यामुळे नाव अगदीच चुकीचं होतं असंही नाही.

संशोधन केंद्र वस्तीबाहेर एका टेकाडावर होतं. एके काळी तिथे बरीच माणसं असत. मग एकेक विभाग शहरातल्या मुख्य कार्यालयात गेला आणि कीटक विभाग तेवढा मागे राहिला. म्हणजे ती, एक ड्रायव्हर, एक चौकीदार आणि जाळीच्या पिंजऱ्यांत अभ्यासासाठी पाळलेल्या माशा. क्वार्टर्सच्या लांबच लांब रांगेत एकाच खिडकीत दिवा लागायचा. वडील भावाकडे होते, भाऊ दूरच्या शहरात. लग्न तिने केलं नव्हतं. का, हे विचारणारी माणसंही आता कमी होत गेली होती. शनिवारी संध्याकाळी चौकीदाराला ‘येते’ म्हटलं, की सोमवारी सकाळी ड्रायव्हरला ‘चला’ म्हणेपर्यंत तिच्या तोंडून शब्द निघायचा नाही. सोमवारचा तो पहिला शब्द घोगरा यायचा. ड्रायव्हरला वाटायचं, बाईंना सर्दीचा त्रास आहे.

त्या वर्षी नदीकाठच्या पेरूच्या बागांत माशीने उच्छाद मांडला होता. फळ वरून चांगलं टवटवीत दिसायचं, आणि चाकू लावला की आत अळ्या वळवळायच्या. लोकांनी आधी फवारे मारून पाहिले. तिने सगळ्यांना एकत्र बोलावून समजावलं, की अळी फळाच्या पोटात बसलेली असते, तिथे तुमचा फवारा पोहोचत नाही. माशी फळात अंडी घालते, फळ गळतं, अळी मातीत शिरते आणि थोड्याच दिवसांत मातीतून नवी माशी वर येते. तेव्हा गळालेलं फळ उचला, पिशवीत बांधा, उन्हात टाका. आणि झाडांना सापळे टांगा. सापळा म्हणजे प्लास्टिकची बरणी. आत मादीच्या वासाची आठवण करून देणारं औषध लावलेला लाकडाचा तुकडा. नर त्या वासाने आत जातो आणि अडकतो.

“म्हणजे फक्त नरच सापडणार?” कुणीतरी विचारलं.

“फक्त नर.”

“बघा,” मागून एक बाई म्हणाली, “अक्कल कुणाला आहे ते.”

सगळे हसले, तीही हसली. जमलेल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात सापळे टांगले. हळूहळू खोऱ्याच्या कडेच्या बागा सुधारल्या. मधल्या भागातल्या मात्र सुधारेनात.

सगळ्यात जास्त तक्रार होती शेडवाल्या काकूंची. आजूबाजूचा सगळा माल त्यांच्या शेडमध्ये निवडला जाई, खोक्यांत भरला जाई आणि तिथूनच ट्रक भरत. काकू स्वतः निवडायच्या टेबलाशी उभ्या असत, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. तिला पाहिल्याबरोबर त्यांनी एक पेरू उचलून दोन तुकडे केले आणि तिच्यासमोर धरला.

“तुम्ही म्हणालात तसं सगळं केलं, मॅडम. सापळे लावले, वेळेवर बदलले, खाली एक फळ राहू दिलं नाही. आणि हे बघा.”

तिने पाहिलं. पांढऱ्या गरात अळ्या होत्या.

“तुमच्या कुंपणाला लागून कुणाची बाग आहे?”

काकूंचा हात क्षणभर थांबला. “आमच्या भाऊजींची. धाकट्या दिराची.”

“ते सापळे लावत नाहीत का?”

“ते काहीच करत नाहीत. फळ तोडत नाहीत, उचलत नाहीत. त्यांच्या माशा रोज आमच्याकडे येतात.” काकूंनी पेरूचे तुकडे बादलीत फेकले. “ते काही येत नाहीत.”

बाकीचं ड्रायव्हरने जीपमध्ये सांगितलं. दोघा भावांची एकच बाग होती. वाटणी झाली, शेड थोरल्याच्या वाट्याला गेली, धाकट्याच्या मनात ते सलत राहिलं आणि बोलणं बंद झालं. गेल्या वर्षी थोरला गेला. घर हाकेच्या अंतरावर, पण धाकटा भाऊ शेवटचं तोंड बघायला आला नाही. तेव्हापासून तो कुणाच्या समोर येत नाही. बाग सगळ्यांच्या मधोमध म्हणून लोक त्याला मधले काका म्हणतात, एवढंच आता त्याच्याबद्दल बोललं जातं.

ती गुरुवारी तिथे गेली. फाटकाजवळच वास आला, गोड, आंबूस, डोक्यात जाणारा. झाडांखाली पेरूंचा खच पडला होता, काही काळे पडलेले, काही फुटून पाणी झालेले. घराचं दार बंद होतं. तिने हाक मारल्यावर खिडकी बोटभर उघडली.

“माल विकायचा नाही,” आतून आवाज आला.

“मी घ्यायला नाही आले.”

“मग?”

“माशा बघायला आले.”

“बघा. भरपूर आहेत.”

खिडकी लागली.

तिने परत जायला हवं होतं. केंद्राचं काम सल्ला देण्याचं, फळं वेचण्याचं नाही. पण जीपमध्ये काळ्या पिशव्यांचा गठ्ठा होता, हातमोजे होते, आणि दुपारी केंद्रावर जाऊन करायचं तरी काय होतं? ती पहिल्या झाडाखाली वाकली.

“मॅडम, हे आपलं काम नाही,” ड्रायव्हर म्हणाला.

“माहीत आहे.”

“मग मी रेडिओ ऐकू का?”

“ऐका.”

पहिल्या गुरुवारी तिने कुंपणाकडची एक ओळ साफ केली. पिशव्यांची तोंडं घट्ट बांधून त्या उन्हात रचल्या. पुढच्या गुरुवारी दुसरी ओळ घेतली. त्या दिवशी खिडकी तिला उघडी दिसली, पण आत कुणी दिसलं नाही. तिसऱ्या खेपेला ती पोहोचली तेव्हा मधले काका टोपली घेऊन झाडाखाली उभे होते. उंच, वाकलेला माणूस; दाढी वाढलेली, सदऱ्याची गुंडी एक घर चुकलेली.

“अशा तऱ्हेने तुम्हाला वर्ष लागेल,” ते म्हणाले. “पिशवी फाटते तुमची. टोपलीत घ्या, मग पिशवीत ओता.”

दोघं वेचत राहिली. दुपारी ती पायरीवर टेकली तशी तिने एक फळ कापलं आणि खिशातलं भिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

“डोकं कुठलं, शेपूट कुठली?”

“ते काळं टोक आहे ना, ते तोंड.”

“खातेय.”

“दिवसरात्र खाते.”

“आणि मग उडून वहिनींकडे जाते.”

“सगळीकडेच जाते. पण जवळचं घर पहिलं.”

त्यांनी भिंग परत दिलं. मग आत जाऊन दोन कप चहा घेऊन आले. एका कपाचा कान तुटका होता. तो त्यांनी स्वतःकडे ठेवला.

असे बरेच गुरुवार गेले. तिने सापळे आणले, त्यांनी टांगले. मातीतले कोश वर येऊन उन्हाने मरावेत म्हणून त्यांनी झाडांखालची माती कुदळीने हलवली. बोलणं फार नसायचं. ते काही विचारत नसत, आणि तिला त्याची सवय होती; लोक तिला माशीबद्दल विचारायचे, तिच्याबद्दल नाही. म्हणून एकदा चहा पिता पिता त्यांनी “घरी कोण असतं तुमच्या?” असं विचारलं, तेव्हा तिला उत्तर द्यायला वेळ लागला.

“कुणी नाही.”

“मग बोलता कुणाशी?”

“पिंजऱ्यातल्या माशांशी,” ती हसून म्हणाली.

ते हसले नाहीत. “मीही भिंतीशी बोलायचो. मध्ये मध्ये ती उत्तर देतेय असं वाटायला लागलं, तेव्हा सोडून दिलं.”

त्या दिवशी परतताना ड्रायव्हर आपल्या मुलीच्या परीक्षेबद्दल सांगत होता, आणि केंद्राचा फाटा आला तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण काहीच ऐकलेलं नाही.

सापळ्यांत माशा कमी होत गेल्या. झाडांवर नवी फळं धरली, आणि तिने कापून पाहिलेली फळं आतून स्वच्छ निघाली. आता तोडणीची वेळ होती. पिकू दिलं तर माशी पुन्हा येणार.

“तोडा,” ती म्हणाली.

“तोडून कुठे नेऊ?”

“शेडमध्ये. दुसरीकडे कुठे?”

ते बांधापलीकडे शेडच्या पत्र्याकडे बघत राहिले. “तिथे वहिनी असतात.”

“त्या काय म्हणतील?”

“काही म्हणणार नाहीत. तेच तर.”

तिने सुचवलं, की खोकी जीपमध्ये टाकू, ड्रायव्हर नेऊन देईल. त्यांनी मान हलवली. त्या हलवण्याचा अर्थ हो की नाही, हे तिला कळलं नाही. निघताना तिने एवढंच सांगितलं, की फळ थांबणार नाही.

पुढच्या गुरुवारी घराला कुलूप होतं. बागेत हाका मारल्या, कुणी नाही. मग तिने वर पाहिलं. झाडं मोकळी होती. ती धावतच बांध ओलांडून शेडकडे गेली.

मधले काका निवडायच्या टेबलाशी उभे होते. दाढी केलेली होती. समोर काकू. दोघांच्या मध्ये पेरूंचा ढीग, आणि दोघांचे हात चालले होते.

“हा तुम्ही पहिल्या प्रतीत टाकला, भाऊजी?”

“मग कशात टाकू?”

“डाग दिसत नाही का? डोळे तपासून घ्या.”

“डाग नाही, फांदी घासलीय.”

“हे गिऱ्हाइकाला सांगा.”

तिला पाहताच काकूंनी आनंदाने हाक मारली. “या मॅडम! बघा, एक अळी दाखवा यात. एक!” त्यांनी दोन पेरू तिच्या हातात कोंबले. मग ट्रकवाला आला, कुणीतरी खिळे मागितले, खोकी मोजायची राहिली होती, आणि दोघं पुन्हा कामाला लागली. ती थोडा वेळ उभी राहिली. बसायला जागा नव्हती आणि करायला काही नव्हतं. थोरला कसा गेला, कोण आलं, कोण नाही, यावर त्या दोघांत काही बोलणं झालं की नाही, ते तिला कळलं नाही. विचारण्याचा तिला अधिकारही नव्हता.

मधले काका जीपपर्यंत सोडायला आले.

“आता गुरुवारी इथवर यायचा त्रास घेऊ नका,” ते म्हणाले. “सापळे मी बदलतो. तुम्हाला दुसऱ्या बागा असतीलच की.”

ते मनापासून, तिची काळजी म्हणून बोलले होते. ती म्हणाली, “हो, आहेत ना.”

त्या महिन्याच्या अहवालात तिने नदीकाठचा भाग आटोक्यात आल्याचं लिहिलं. मुख्य कार्यालयातून कौतुकाचा फोन आला आणि त्याच फोनवर तिला डोंगरापलीकडचा नवा भाग नेमून दिला. तिने रात्री भावाला फोन केला. मागे टीव्हीचा आवाज होता. “काही काम होतं का गं?” त्याने विचारलं. “काही नाही,” ती म्हणाली. “बाबांना दे.” बाबा झोपले होते.

रविवारी तिने सकाळीच बस धरली. जीप सुट्टीच्या दिवशी घेता येत नसे. फाट्यावर उतरून ती उन्हातून चालत गेली. शेडच्या दारात काकू होत्या.

“अगं बाई! आज रविवारी? माशी आली का परत?”

‘सहज आले’ हे शब्द तिच्या ओठांवर होते. पण कुणाच्याही घरी ती सहज अशी कधी गेलेली नव्हती, आणि ते शब्द बाहेर आले नाहीत.

“नाही, नाही. म्हटलं सापळे बघून घ्यावेत.”

“बघा हो बघा,” असं म्हणत काकू आत वळल्या.

ती मधल्या बागेत शिरली आणि एकेक बरणी काढून बघू लागली. प्रत्येकीत ताजा तुकडा होता. माशा जवळपास नव्हत्याच. तरी ती शेवटच्या ओळीपर्यंत गेली, झाकणं फिरवून उघडत, पुन्हा लावत. मागे पावलं वाजली. मधले काका तिच्या हातातली बरणी बघत होते.

“परवाच बदललेत,” ते म्हणाले. “तारीख लिहिलीय बुडाला.”

“हो. दिसली.”

“पहिल्या बरणीवरच दिसली असेल.”

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांनी तिच्या हातातून बरणी घेतली, फांदीला टांगली, हलत होती ती बोटाने थांबवली.

“मग बसा की,” ते म्हणाले.

ती बसली. पायरीवर, बसची वेळ होईपर्यंत. काका बोलण्यात वाकबगार नव्हते, आणि तीही नव्हती. त्यांनी छत गळतं त्याबद्दल सांगितलं. तिने वडिलांच्या गुडघ्यांबद्दल सांगितलं. मध्येच काकूंनी शेडमधून हाक मारली तसे ते उठून गेले, आणि बऱ्याच वेळाने परत आले. तोवर ती एकटीच बसून होती, पण तिने घड्याळ पाहिलं नाही.

नंतरही ती कधी कधी रविवारी जात असे. दर रविवारी नाही. काही वेळा दोघं कामात बुडालेली असत, मग ती थोडी खोकी भरू लागे. काही वेळा गप्पा होत. पावसाळा संपता संपता एकदा ती गेली, तर शेडही बंद होती आणि घराला कुलूप होतं. बांधावर गुरं चारणारा म्हणाला, दोघं भाचीच्या लग्नाला गेलीत, तीन-चार दिवसांनी येतील. तिला कुणी कळवलं नव्हतं; कळवण्यासारखं काही होतं असं त्यांना वाटलंही नसेल. परतीच्या बसला दोन तास होते. तिने पायरी हाताने झाडली, डबा उघडला आणि सावकाश जेवली. मग रुमालाने तोंड पुसून फाट्याकडे चालू लागली.