वर्नाचं अक्षर

वर्नाने ब्रश डब्याच्या कडेला निथळवला आणि पेन्सिलीने आखलेल्या रेघेवर पहिलं अक्षर उतरवलं. वाक्य क्लेटनने न्याहारीच्या वेळीच सांगून ठेवलं होतं : 'आम्ही जिंकलो. आता घरी जा.' घरी कोणी जायचं, ते त्याने सांगितलं नव्हतं, सरकारने असावं. कोर्टाचा निकाल दहाला येणार होता. अजून वीस मिनिटं होती, पण रंग वाळायला वेळ लागतो.

गॅरेजमध्ये आज वेल्डिंग बंद होतं. कामाच्या बाकावर घरातला टीव्ही आणून ठेवला होता आणि त्याच्यापुढे घडीच्या खुर्च्यांवर आठ-दहा माणसं बसली होती. दोन वर्षं दर शनिवारी चौकात उभी राहणारी हीच ती माणसं. ऊन असो, बर्फ असो. आरोग्य विमा घ्यायलाच हवा, नाही घेतला तर दंड भरा, असा कायदा वॉशिंग्टनमध्ये बसून कोणी आपल्यावर लादावा, हे त्यांना सहन होत नव्हतं. वर्नाचा नवरा क्लेटन त्यांचा म्होरक्या. आणि फलक झाडून सगळे वर्नाच्या हातचे. लग्नाआधी ती दुकानांच्या पाट्या रंगवायची. नदीच्या या काठावर तिच्यासारखं वळणदार अक्षर दुसऱ्या कोणाचं नव्हतं.

फेब्रुवारीपासून ती बसून रंगवत होती. गुडघे दुखतात, असं तिने सगळ्यांना सांगितलं होतं. गुडघे ठणठणीत होते. जिना चढताना तिसऱ्या पायरीवर तिचा श्वास अडकायचा. बहिणीकडे जाते म्हणून ती एकदा शहरात जाऊन आली, तेव्हा डॉक्टरने तिच्या छातीवर बराच वेळ नळी टेकवून ठेवली, मग आणखी तपासण्या केल्या. हृदयाची झडप खराब झाली आहे, ती बदलावी लागेल, पुढचा हिवाळा यायच्या आत करून घ्या, असं तो म्हणाला. विम्याचं विचारलं तेव्हा वर्ना कोट चढवू लागली. क्लेटनने कारखाना सोडून स्वतःचं वेल्डिंगचं दुकान काढलं तेव्हाच विमा गेला होता, आणि पुढे दोन कंपन्यांनी तिच्या लहानपणच्या आजाराचं नाव वाचूनच अर्ज परत पाठवले होते.

हा कायदा टिकला तर आजारी माणसाला नाही म्हणायची कंपन्यांना सोय उरणार नव्हती. पेपरातला तो मजकूर तिने कापून शिवणाच्या डब्यात ठेवला होता. आणि त्याच संध्याकाळी कायद्याविरुद्धचे चार फलक रंगवले होते. ब्रश हातात असला की आपल्याला फक्त ओळ सरळ येते की नाही एवढंच दिसतं, असं ती स्वतःला सांगायची.

दहा वाजून गेले. टीव्हीवरची बाई धापा टाकत हातातला कागद वाचू लागली. विम्याची सक्ती घटनेत बसत नाही, कोर्टाने ती रद्द केली, असं ती म्हणाली.

खुर्च्या मागे सरकल्या. शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या हॉबर्टने टोपी छताकडे फेकली. केशकर्तनालयवाली पेगी रडायलाच लागली. जो तो क्लेटनची पाठ थोपटत होता. क्लेटन मात्र उठला नाही. त्याने मान वळवून वर्नाकडे पाहिलं. ती फलकावर आणखी खाली वाकली. शेवटचं अक्षर ओळीबाहेर गेलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

पाच-सात मिनिटांत टीव्हीवरचे चेहरे बदलले. कागदाची पुढची पानं कोणीतरी वाचली होती. सरकारला कर लावायचा अधिकार आहे आणि हा दंड म्हणजे करच, असं कोर्टाने म्हटलं होतं. सक्ती कायम होती.

"म्हणजे नक्की झालं काय?" हॉबर्ट म्हणाला. "आत्ता तर गेली म्हणाली."

"टिकली," पेगी डोळे पुसत म्हणाली.

"मग मघाशी काय झक मारली?"

हॉबर्टने टोपी शोधून झटकली. पेगीने खुर्ची घडी करून भिंतीला लावली आणि दारातून मागे वळून म्हणाली, "या अख्ख्या गावात हा कायदा हवाय असा एक माणूस दाखवा मला. एक."

वर्ना ब्रश धूत होती. टर्पेंटाइनच्या वासाने तिला खोकला आला, तो तिने बाहीत दाबला.

सगळे गेल्यावर गावच्या वर्तमानपत्रातून फोन आला. प्रतिक्रिया हवी होती. क्लेटनने उभं राहून, ठाम आवाजात सांगितलं की हा काळा दिवस आहे, पण लढा संपलेला नाही, नोव्हेंबरच्या मतदानात बघून घेऊ. फोन ठेवल्यावर त्याने टीव्हीही बंद केला. मग एक खोका ओढून तो तिच्याजवळ बसला.

"याचं काय करू?" वर्नाने फलकाकडे बोट दाखवलं.

"राहू दे."

बराच वेळ तो हातावरच्या जुन्या ठिणग्यांचे डाग चोळत राहिला.

"ते कधीपासून लागू होतंय?"

"काय?"

"कंपन्यांना नाही म्हणता येणार नाही, ते."

मला काय ठाऊक, असं ती म्हणू शकली असती.

"चौदा साली. एक जानेवारीला."

त्याने मान हलवली. ती इतक्या पटकन तारीख सांगेल याचं त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"तुझ्या गाडीत सीटखाली डॉक्टरचा कागद सापडला होता," तो म्हणाला. "मार्चमध्ये. वाचून परत तिथेच ठेवला."

वर्नाने ब्रश फडक्यात गुंडाळला, पुन्हा सोडला.

"मग बोलला का नाहीस?"

"तू कुठे बोललीस?" मग तो खाली बघत, आणखी हळू म्हणाला, "विचारलं असतं तर तू फलक रंगवायचं बंद केलं असतंस. मग मला चौकात उभं राहता आलं नसतं."

बाहेर कोणाची तरी गाडी हॉर्न वाजवत गेली. आनंदाने की रागाने, ते कळलं नाही. वर्ना रागावायची वाट बघत बसली. राग आला नाही. नुसता थकवा आला.

"हिवाळ्याच्या आत, असंच लिहिलं होतं ना त्यात?" क्लेटनने विचारलं.

"हो."

तो बोटांच्या पेरांवर अंगठा ठेवून महिने मोजू लागला. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. डिसेंबर झाला तरी तो थांबला नाही, पुढच्या वर्षातून जात राहिला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. अठरावर, चौदाच्या जानेवारीपाशी, अंगठा थांबला. आपल्या हाताकडे तो जरा वेळ बघत राहिला, कुठे चुकलं ते शोधावं तसा, आणि पुन्हा जुलैपासून मोजू लागला. या वेळी सावकाश.

वर्नाने त्याला थांबवलं नाही.