बोलक्या पाटीची घाई

फिनलंडमधल्या कुह्मो गावच्या शाळेत वाचायला शिकवणारी बोलकी पाटी आली, त्या सकाळी हिल्काबाई पोरांपेक्षा जास्त उतावळ्या झाल्या होत्या. लोकरी मोज्यांवर त्या वर्गभर नाचत होत्या. कारण एकच, हेल्मी. नऊ वर्षांच्या या पोरीनं वर्षभरात एकही ओळ मोठ्यानं वाचली नव्हती. माणसांना लाजते, यंत्राला कशाला लाजेल, असं बाईंना वाटत होतं.

"पुस्तक उघड आणि वाच बरं, हेल्मी," पाटी गोड आवाजात म्हणाली.

कुह्मोत बोलण्याआधी सगळेच जरा थांबतात. हेल्मी जरा जास्तच. पण तीन सेकंद होताच पाटीनं स्वतःच ओळ वाचून टाकली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा हेल्मीनं पाटी पालथी घातली.

"हिल्का, ही तर माझ्या हेलसिंकीच्या मामीसारखी आहे!" मागच्या बाकावरचा आरो बाईंना नेहमीसारखं नावानं हाक मारत ओरडला. "दुसऱ्याला बोलूच देत नाही!"

वर्ग खिदळला. बाईंचा चेहरा पडला, पण क्षणभरच. कपाळावरचा चष्मा नाकावर ओढून त्यांनी पाटीची सेटिंग्ज धुंडाळली. 'उत्तराची वाट पाहणे: तीन सेकंद.' त्यांनी ते तीस केले आणि पाटी पुन्हा हेल्मीपुढे ठेवली.

पाटीनं पुन्हा वाचायला सांगितलं. दहा गेले, वीस गेले. पंचविसाव्या सेकंदाला हेल्मीचा आवाज आला, "अस्वल... बर्फाखालून... उठलं."

"शाब्बास!" पाटी म्हणाली.

"थांब गं, अजून आहे," हेल्मी तिला म्हणाली आणि तिनं पान उलटलं.