सासूबाईंच्या हातचा कार्प

सासूबाईंनी केलेल्या कार्पच्या रश्श्याची गोष्ट मी घरात इतक्या वेळा सांगितली आहे, की नुसतं 'कार्प' म्हटलं तरी आमचे हे टीव्हीचा आवाज वाढवतात. वाढवोत बापडे. गोष्ट खरी आहे, आणि माझी आहे.

मी जपानच्या मिकावा किनाऱ्यावरची, गामागोरीची. लग्न होऊन इथे साकूला आले तेव्हा डोंगरातल्या या लोकांना मासा म्हणजे दारच्या तळ्यात पोहणारा कार्प, एवढंच ठाऊक. त्याला चिखलाचा वास येतो, असं मी पहिल्याच आठवड्यात बोलून बसले. जिभेला हाड नाही, दुसरं काय! सासूबाई तेव्हा गप्प राहिल्या. पण पुढे वर्षभर भात लागला की तेच, भांडं फुटलं की तेच: "समुद्रावरच्यांना काय कळणार त्यातलं?"

मिसोचीही, म्हणजे रश्श्यात घालायच्या आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचीही, तीच तऱ्हा. आमच्या माहेरचा मिसो नुसत्या सोयाबीनचा, काळा आणि घट्ट, जरासा तुरट. इथला तांदूळ घालून मुरवलेला, पिवळसर, जिभेवर गोड. मी माहेरून आणलेली बरणी सासूबाईंनी फडताळात पार मागे सरकवली आणि तिच्यापुढे आपल्या मिसोचं पिंप ठेवलं. माझी जागा कुठली, ते मला त्या पिंपाने सांगितलं.

मग आमची मुलगी चिगुसा झाली. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते, पण माझी आई आधीच गेली होती, तेव्हा मी इथेच राहिले. आणि मला दूध येईना. बाळ रडायचं, मी रडायचे. या मुलखात बाळंतिणीला दूध यावं म्हणून कार्पचा रस्सा देतात. त्या संध्याकाळी सासूबाई तो घेऊन माझ्या अंथरुणाशी आल्या. खवल्यांसकट कापलेले जाड तुकडे मिसोत मऊ शिजलेले, आणि वर लार्चच्या झाडांच्या रानातली जिकोबो अळंबी, तपकिरी आणि बुळबुळीत. जन्मात कधी माझ्याशेजारी बसून न जेवलेली ही बाई त्या दिवशी, मी पहिला घोट घेतल्यावर, आत जाऊन स्वतःचा वाडगा घेऊन आली आणि माझ्याजवळ बसली. मी खाल्लं. जिभेच्या मुळाशी काहीतरी कडसर होतं, काढ्यासारखं, घशातून उतरलं तरी मागे रेंगाळणारं. मला वाटलं, औषधी अन्न आहे, असंच लागत असणार. मी तीन वाडगे संपवले. त्यांनी एकही शब्द न बोलता आपला वाडगा तळापर्यंत संपवला, मग बाळाला उचललं आणि म्हणाल्या, "तू झोप. मी बघते."

त्यानंतर रोज रात्री हेच. "तू झोप. मी बघते." मी मेल्यासारखी झोपायचे. आणि थोड्याच दिवसांत दूध असं आलं की कपडे भिजायचे. शिवाय त्या दिवसापासून 'समुद्रावरचे' हा शब्द त्या घरात पुन्हा कधी निघाला नाही.

एका रश्श्याने दूध आणलं आणि मला सासर दिलं, अशी ही गोष्ट. तेव्हापासून दर शरदात मी तो रस्सा करते. सासूबाई होत्या तोवर त्याही करायच्या. पण ती मुळाशी रेंगाळणारी चव पुन्हा काही मिळाली नाही, त्यांच्याही हातून नाही. बाळंतिणीची जीभच वेगळी असते, अशी मी मनाची समजूत घातली आणि रश्श्यात गुपचूप माहेरच्या काळ्या मिसोचा चमचाभर तुरटपणा मिसळत राहिले. दुधाची तहान ताकावर.

यंदा चिगुसा योकोहामाहून बाळंतपणाला माझ्याकडे आली. मुलगा झाला, गुटगुटीत. पण हिलाही दूध पुरेना. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, वरचं दूध द्या, बिघडत नाही काही. दिलं. पण त्या दुधाच्या भुकटीचा डबा उघडताना दर वेळी हिचे डोळे भरायचे. मग जेवण सुटलं. भाताचे दोन घास खाल्ले की म्हणायची, "पुरे."

मी आपली उशाशी बसून धीर द्यायला लागले. धीर म्हणजे काय, तीच गोष्ट. तीन वाडगे, आजीचा हात, भिजलेले कपडे. ती भिंतीकडे तोंड करून ऐकायची. मला वाटायचं, ऐकून बरं वाटतंय पोरीला. आमच्या ह्यांनी एकदा दारातून खूणही केली, पुरे म्हणून. मी कसली ऐकतेय?

शेवटी मी फुसाएला फोन लावला. फुसाए म्हणजे माझी नणंद. तिचा नवरा खालच्या गावात कार्पची पैदास करतो आणि मासा कापण्यात तिचा हात धरणारं या खोऱ्यात कोणी नाही. मी म्हटलं, "आईंनी केला होता तस्सा रस्सा करून दे. मला जमत नाही. पोरगी खाईना झालीय गं."

ती दुसऱ्याच दिवशी आली. पायात नवऱ्याचे रबरी बूट, एका हातात बादली, बादलीत शेपटी आपटणारा कार्प, दुसऱ्या हातात अळंबीची टोपली.

"वहिनी, अळंबी कुठली ते विचारू नकोस. नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही मी."

"तुझ्या नवऱ्याला तुझा वाढदिवस तरी कुठे माहीत असतो?"

"म्हणूनच टिकलाय संसार," म्हणून ती हसली आणि मोरीशी बसली.

ओला पंचा माशाच्या डोळ्यांवर टाकून तिने सुरीच्या पाठीने एकच फटका दिला. मासा शांत झाला. मग कल्ल्यामागे बोटं टेकवून, श्वास रोखल्यासारखी थांबून, तिने पहिला काप घेतला. आत दोन बोटं घालून हिरवट काळी पित्ताची गोळी अलगद काढली आणि कागदात गुंडाळून लांब ठेवली. बोरासारखी गोळी, पण सुरी लागली की सगळ्या माशाचा सत्यानाश. ती गोळी निघेपर्यंत फुसाए कधी बोलत नाही. कोणी हाक मारली तरी नाही.

रस्सा उकळायला लागला, तांदळाची साके दारू आणि साखर पडली, तिने पिंपातला मिसो विरघळवला. मी फडताळातून माझी बरणी काढली.

"आलं का तुझं माहेरचं डांबर?"

"चमचाभरच. त्याशिवाय ती चव जवळपाससुद्धा येत नाही."

"कुठली चव?"

"आईंच्या त्या रश्श्याची. कडसर. तू होतीस की तेव्हा घरात."

ती नुसतीच पळीने रस्सा ढवळत राहिली. एवढ्या तेवढ्यावर टोमणा मारणारी बाई गप्प बसली, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

चुलीच्या उबेने घर भरलं. मिसोचा आणि अळंबीचा तो ओल्या पानांसारखा वास आला आणि रस्सा वाढताना मला सासूबाई फार आठवल्या. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. त्या असत्या तर पोरीला कसं खायला घालायचं ते त्यांनी बरोबर ओळखलं असतं. मी एक घोट चाखला. सुरेख झाला होता, गोड, मऊ, निर्दोष. आणि ती चव नव्हती.

तरी वाडगा घेऊन आम्ही दोघी चिगुसाच्या खोलीत गेलो. बाळ झोपलं होतं. वाडग्याकडे बघून ती उठून बसली, पण हात पुढे करेना.

"खा बाळा. आत्याने मुद्दाम केलाय. आजीचाच रस्सा."

"नको."

"अगं, मी तीन वाडगे..."

"माहितीये!" ती एकदम ओरडली. "तू तीन वाडगे खाल्लेस आणि तुला दूध आलं. मी हा रस्सा प्यायले आणि तरी नाही आलं तर? मग काय राहिलं, आई? म्हणजे माझ्यातच खोट आहे, एवढंच ना?"

माझ्या हातातला वाडगा जड झाला. इतके दिवस मी तिला धीर देत नव्हते, तिच्या छातीवर दगड ठेवत होते.

फुसाए गुडघ्यावर हात ठेवून खाली बसली. "आईने मला शपथ घातली होती," ती म्हणाली, "पण आई आता नाहीये, आणि असती तर हिला बघून तिनेच मोडायला लावली असती. वहिनी, तो रस्सा आईने केला होता. पण मासा मी कापला होता."

"तू?"

"अठरा वर्षांची होते. पहिल्यांदाच सुरी धरली होती, म्हटलं, वहिनीसाठी आपण कापू. आणि पित्त फोडलं. आईने डागलेले तुकडे टाकून दिले, बाकीचे किती वेळा धुतले, तरी कडू ते कडूच. तळ्यातला तो शेवटचाच, दुसरा मासा दुसऱ्या दिवशीच मिळणार होता. आई म्हणाली, देऊन बघू, एक घोट घेऊन ठेवून देईल, समुद्रावरची आहे, नाक मुरडेल. आणि तू खायलाच लागलीस! तीन वाडगे! मी दाराआड उभी होते, हसू की रडू कळेना."

"आणि आई? त्यांनीही खाल्लं की."

"पहिला घोट घेतलास तेव्हा आई स्वयंपाकघरात धावत आली. मी म्हटलं, आई, सांग तिला, टाकून दे म्हणावं. तर म्हणाली, 'पोर काही न बोलता खातेय. तिला एकटीला कशी खाऊ देऊ?' आणि स्वतःचा वाडगा भरून घेऊन गेली. रात्रभर तोंडातला कडूपणा घालवायला साखर चघळत बसली होती."

मला आठवला तो तळापर्यंत रिकामा केलेला वाडगा. मी त्याला आजवर मान समजत होते, मला घरात घेतल्याची खूण. तो त्याहून मोठा होता.

"तू काळा मिसो टाकतेस ते आईला माहीत होतं," फुसाए म्हणाली. "म्हणायची, टाकू दे. आपण केलेला कडूपणा शोधतेय बिचारी."

चिगुसा आमच्या दोघींकडे बघत होती. "पण मग दूध?" ती हळूच म्हणाली. "दूध तर आलं ना आईला?"

"आलं. आठ-दहा दिवसांनी. तोवर काय हवा खाऊन राहिलीस तू? रात्री तुझी आई झोपली की आजी तुला स्वयंपाकघरात आणायची. मी पाणी गरम करायचे, ती बाटली भरायची. डबा तांदळाच्या पिंपात लपवला होता. म्हणायची, हिला कळलं तर हिला वाईट वाटेल, आणि वाईट वाटलं तर दूध येणार नाही. अगं, सुरुवातीला तू वाढलीस ती डब्याच्या दुधावर! बघ की कशी झालीयेस, घोड्यासारखी."

मग चिगुसा हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, आणि रडता रडता पुन्हा हसली. "तीन वाडगे, आई!" ती म्हणाली. "पित्ताचे!"

"मला काय ठाऊक? मी समुद्रावरची!" मी म्हटलं, आणि मग मलाही आवरेना. पस्तीस वर्षं मी ज्या चवीच्या मागे लागले होते, ती एका भेदरलेल्या पोरीची चूक होती. आणि तरी ती आता कोणी माझ्यापुढे ठेवली असती, तर मी पुन्हा तीन वाडगे खाल्ले असते.

आमच्या आवाजाने बाळ जागं झालं आणि रडायला लागलं. चिगुसाने सवयीने हात पुढे केला, तिच्या चेहऱ्यावर पुन्हा तो ताण आला. मी वाडगा तिच्या हातात दिला, त्यावर जेवायच्या काड्या ठेवल्या आणि बाळाला उचललं. कपाटावरचा डबा राजरोस काखेत घेतला. पिंपात लपवायची आता गरज नव्हती.

"गरम आहे तोवर जेव," मी म्हटलं. "मी बघते."